होडीची चुंबळ

वेसाव्याच्या खाडीत बघितलंत तर बऱ्याच होड्यांच्या अंगाला जुने टायर लोंबताना दिसतील. ते काही शोभेसाठी नसतात. १ जून ते ३१ जुलै मासेमारी बंद असते, तेव्हा होड्या खाडीत एकमेकींना खेटून उभ्या राहतात. वारा सुटला की आदळतात. एखाद्या रात्रीत फळी तडकते आणि ऐन हंगामाच्या तोंडावर दुरुस्तीचा खर्च घरावर येतो.

डोक्यावर हंडा घेताना आपण खाली चुंबळ ठेवतो, म्हणजे भार एका जागी रुतत नाही. टायरचं काम तेच. तो दबतो, धक्का स्वतः सोसतो आणि उरलेला पसरवून देतो.

होडीचं अंग जिथं जास्त फुगीर, तिथं टायर बांधावेत. एक मधे, एक पुढे, एक मागे, निदान इतके तरी हवेत. शेजारची होडी बुटकी असेल तर टायर तेवढा खाली सोडावा. टायरला खालून भोक पाडावं, नाहीतर पावसाचं पाणी साचून डास होतात. त्याचा दोर घासून झिजतो, तो अधूनमधून चाचपावा.

आता धक्क्याचं बघू. दिवसातून साधारण दोनदा भरती, दोनदा ओहोटी. अमावास्या-पौर्णिमेच्या उधाणाला मुंबईत पाणी चार मीटरही चढतं-उतरतं. दोर आखूड बांधला तर ओहोटीला होडी लटकते. फार सैल सोडला तर वाहवत दुसरीवर जाते. म्हणून पुढचा आणि मागचा दोर बांधून आणखी दोन तिरपे बांधावेत. एक होडीच्या पुढच्या टोकापासून धक्क्यावर मागच्या बाजूला, दुसरा मागच्या टोकापासून पुढच्या बाजूला. हे दोर लांब असल्यामुळे पाण्याबरोबर होडी वरखाली होते, पण पुढेमागे सरकत नाही.

धक्क्याला लागताना प्रवाहाच्या समोर तोंड करून हळू यावं. प्रवाहच होडीला आवरतो.

आणि मैत्रिणींनो, टोपल्या उतरवायच्या घाईत हातापायानं होडी कधीच अडवू नका. भरलेली होडी हळू आली तरी हाड मोडतं. मधे टायर घाला, माणूस नको.

वेंगुर्ल्यात बचत गटाच्या बायका होडीतून खारफुटीची सफर घडवतात. तुमच्याही गटाची होडी असेल, तर पुढच्या उधाणाआधी टायर आणि दोर एकदा तपासून घ्या.