'प्रिन्स रामा' फक्त जपानचा नाही

'रामायण: द लेजंड ऑफ प्रिन्स रामा' (१९९२) सर्रास 'जपानी ॲनिमे' म्हणून ओळखला जातो, पण हे अर्धंच श्रेय झालं. युगो साको आणि कोइची सासाकी यांच्यासोबत त्याचे तिसरे दिग्दर्शक होते राम मोहन. पेडर रोडच्या फिल्म्स डिव्हिजनमध्ये, १९५६ च्या सुमारास, डिस्नेच्या 'बाम्बी'वर काम केलेल्या क्लेअर वीक्स यांच्या हाताखाली ते ॲनिमेशन शिकले.

कुणी म्हणेल, चित्रं तर जपानमध्येच काढली! खरंय. पण सिनेमा म्हणजे नुसती रेघ नव्हे. वनराज भाटियांचं संगीत, संस्कृत गाणी, हिंदी आवृत्तीत रावणाला अमरीश पुरींचा आवाज; हे सगळं वगळलं तर उरेल काय? म्हणून मुलांना दाखवाल तेव्हा श्रेयनामावलीही जरूर वाचून दाखवा.