तसबिरीची काच निवडताना

आजी-आजोबांचे जुने छायाचित्र, आईने केलेले भरतकाम, एखाद्या आप्ताने रेखाटलेले चित्र अशा वस्तू आपण मानाने भिंतीवर लावतो. परंतु खिडकीसमोरच्या तसबिरीत आजोबांच्या चेहऱ्यापेक्षा खिडकीच अधिक दिसते, हा अनेक घरांतील अनुभव आहे. फ्रेम करावयास देताना पट्टीचा रंग आणि नक्षी आपण बारकाईने पाहतो. काचेची चौकशी मात्र क्वचितच करतो.

साधी काच तिच्यावर समोरून पडणाऱ्या प्रकाशापैकी सुमारे ८ टक्के प्रकाश परत फेकते. ४ टक्के पुढच्या पृष्ठभागावरून आणि जवळजवळ तितकाच मागच्या. गडद छायाचित्रावर एवढे प्रतिबिंबही चेहरा झाकण्यास पुरेसे ठरते.

चमक कमी करणाऱ्या काचा दोन प्रकारच्या असतात आणि त्यांत गल्लत होऊ देऊ नये. पहिली खरबडीत केलेली, म्हणजे मॅट काच. ती प्रकाश नाहीसा करीत नाही, केवळ विखुरते. ती तुलनेने स्वस्त असते; परंतु चित्र काचेपासून जितके दूर, तितके ते धूसर दिसते. दुसरी लेप दिलेली काच. चष्म्याच्या भिंगावर असतो तसाच अतिसूक्ष्म थरांचा लेप तिच्यावर असतो. थरांवरून परतणारे प्रकाशतरंग परस्परांना छेद देतात आणि परावर्तन १ टक्क्याच्या आसपास किंवा त्याहूनही खाली येते. चित्र स्वच्छ दिसते. किंमत मात्र कितीतरी अधिक.

दुकानातच दोन परीक्षा कराव्यात. नमुन्याचा तुकडा ट्यूबलाईटखाली धरावा. साध्या काचेत दिव्याची लख्ख पांढरी रेघ दिसेल, मॅट काचेत पांढुरका पसारा, तर लेपाच्या काचेत फिकट हिरवट किंवा जांभळट छटा. मग तोच तुकडा छापील मजकुरावर बोटभर उंच धरावा. अक्षरे पुसट झाली, तर ती मॅट काच समजावी.

एक गैरसमज मात्र महागात पडतो. चमक कमी झाली म्हणजे चित्र सुरक्षित झाले, असे नव्हे. रंग उडतो तो प्रकाशाने, विशेषतः अतिनील किरणांनी. ते अडवणारी काच हवी असल्यास तसे स्वतंत्रपणे विचारावे लागते. तीही दृश्य प्रकाश अडवू शकत नाही. म्हणून थेट ऊन टाळावेच.

चित्र काचेला टेकू देऊ नये. पावसाळ्यातील दमट हवेत छायाचित्र काचेला चिकटते आणि सोडवताना त्याचा वरचा थर निघून येतो. यासाठी मध्ये आम्लरहित पुठ्ठ्याचा माउंट घालून घ्यावा. लेपाच्या काचेवर अमोनिया असलेले द्रव फवारू नये. मऊ, स्वच्छ कापडाने हलकेच पुसावे. मोठ्या तसबिरीसाठी अॅक्रिलिक वजनाला काचेच्या निम्मे आणि सहजी न फुटणारे; पण त्यावर ओरखडे लवकर उठतात आणि स्थिर विद्युतामुळे खडूची किंवा कोळशाची भुकटी त्याकडे ओढली जाते.

प्रत्येक तसबिरीस महागडी काच हवीच असे नाही. बाजारातून पुन्हा मिळणाऱ्या छापील चित्रास साधी काच पुरे. खिडकीसमोरून जागा बदलली तरी चमक बरीच कमी होते. परंतु ज्या छायाचित्राची दुसरी प्रत नाही, त्याचा हिशेब निराळा. त्याची उत्तम प्रत काढून ती भिंतीवर लावावी आणि मूळ चित्र कोरड्या, अंधाऱ्या कपाटात जपावे. मूळच लावायचे असेल, तर खर्च नक्षीवर नव्हे, काचेवर करावा. पट्टी केव्हाही बदलता येते. उडून गेलेला चेहरा परत आणता येत नाही.