संगणकाला नाव देताना

वसतिगृहात दाखल होताना आपल्यापैकी अनेकांच्या पत्र्याच्या पेटीवर रंगाने नाव घातले गेले होते. त्या नावाने पेटी अधिक भक्कम झाली नाही, की तिच्यातील कपडे वाढले नाहीत. परंतु सारख्या दिसणाऱ्या पेट्यांच्या रांगेतून आपली पेटी त्या नावामुळेच सापडत असे. नव्या संगणकावर कार्यप्रणाली बसवताना असाच एक प्रश्न पडद्यावर येतो : या संगणकाचे नाव काय? या नावास ‘होस्टनेम’ म्हणतात. बहुतेक जण समोर आलेले नाव तसेच ठेवून पुढे जातात. आज आपल्या अनेक मुलामुलींच्या हाती लॅपटॉप आले आहेत. म्हणून या लहानशा प्रश्नाविषयी चार गोष्टी येथे मांडणे आम्हांस उचित वाटते.

संगणक परस्परांना अंकांनी ओळखतात. नाव हवे असते ते माणसांना. आजच्या इंटरनेटचे पूर्वरूप असलेल्या अर्पानेटवर सर्व संगणकांची नावे एकाच फाईलमध्ये लिहिलेली असत. ती यादी कॅलिफोर्नियातील स्टॅनफर्ड रिसर्च इन्स्टिट्यूटमध्ये एलिझाबेथ फाइनलर यांच्या गटाकडे होती. संगणक वाढले, तशी एका ठिकाणची यादी अपुरी पडू लागली. १९८३ मध्ये पॉल मॉकापेट्रिस यांनी नावांची विकेंद्रित व्यवस्था मांडली. तीच आजची डीएनएस होय.

उदाहरणादाखल डेबियन ही लिनक्सची मुक्त प्रणाली घेऊ. तिच्या स्थापनेत भाषा, देश व कळफलक निवडून नेटवर्कची जोडणी झाली, की लगेच होस्टनेम विचारले जाते. वापरकर्त्याचे नाव व पासवर्ड त्यानंतर येतात आणि डिस्कची विभागणी त्याहूनही नंतर होते. आपण काही न लिहिल्यास बहुधा ‘डेबियन’ हेच नाव राहते. विंडोज १० मात्र विचारण्याच्या भानगडीत पडत नाही; ‘डेस्कटॉप’ या शब्दापुढे काही अक्षरे व अंक जोडून ती स्वतःच नाव ठरवते.

नावाचे नियम थोडेच आहेत. रोमन लिपीतील अक्षरे, अंक आणि मधली आडवी रेघ एवढेच चालते. रेघ आरंभी वा शेवटी येऊ नये. मोकळी जागा चालत नाही. लहान व मोठ्या लिपीत भेद मानला जात नाही. लांबी ६३ अक्षरांपर्यंत चालते. तथापि विंडोजच्या जुन्या पद्धतीत १५ अक्षरांचीच मर्यादा असल्याने नाव आखूड ठेवणे श्रेयस्कर.

दिलेले नाव लिनक्समध्ये ‘होस्टनेम’ नावाच्याच एका ओळीच्या फाईलमध्ये साठवले जाते. संगणक सुरू होताना ती ओळ वाचली जाते. डेबियन तेच नाव ‘होस्ट्स’ या दुसऱ्या फाईलमध्येही लिहून ठेवते. पुढे नाव बदलताना एक फाईल बदलली आणि दुसरी विसरली, तर आपले स्वतःचेच नाव सापडत नसल्याची तक्रार संगणक करू लागतो. नोंदवहीत एक नाव आणि दाखल्यावर दुसरे असले, म्हणजे जी अडचण होते तीच ही. बिघाडांच्या नोंदीतही प्रत्येक ओळीवर हे नाव असते. दोष कोणत्या यंत्रात आहे हे त्यावरूनच कळते.

शाळेच्या संगणक कक्षात याचे महत्त्व विशेष जाणवते. एक संगणक नीट तयार करून त्याची हुबेहूब प्रत इतरांवर उतरवणे ही सोयीची रीत आहे. मात्र त्याबरोबर नावही उतरते. मग वर्गात एका नावाचे वीस विद्यार्थी असावेत, तशी गत होते. म्हणून प्रत उतरवल्यावर पहिले काम नाव बदलण्याचे. अजिंठा, कार्ले, भाजे, बेडसे, कान्हेरी अशी आपल्या लेण्यांची नावे दिल्यास ती मुलांच्या सहज स्मरणात राहतील.

घरच्या लॅपटॉपबाबत मात्र पालकांनी एका गोष्टीकडे लक्ष द्यावे. काही प्रणाली वापरकर्त्याच्या नावावरूनच संगणकाचे नाव सुचवतात. वायफायला जोडले जाताना संगणक सहसा आपले होस्टनेम तेथील राउटरला कळवतो, आणि अनेकदा त्याच जाळ्यातील इतरांनाही ते दिसते. महाविद्यालयाच्या वसतिगृहात शिकणाऱ्या मुलीने तेथे आपले नाव-आडनाव लिहिले असेल, तर हा लॅपटॉप कोणाचा, हे अनोळखी माणसालाही समजू शकते. आडनावावरून जात हुडकण्याची खोड आपल्या समाजातून अद्याप गेलेली नाही, हे आपण जाणतो. आपली ओळख कोणाला व केव्हा सांगायची, हे आपण ठरवावे. आपल्या नकळत यंत्राने ती सांगू नये.

संगणकाचे नाव कसे निवडावे यावर डॉन लिबेस यांनी १९९० मध्ये एक टिपण लिहिले. स्वतःचे नाव यंत्रास देऊ नये, हा सल्ला त्यातही आहे. कारण यंत्र एकाकडून दुसऱ्याकडे जाते. ‘मिलिंदपञ्ह’ या ग्रंथात भदन्त नागसेन राजा मिलिंदास रथाच्या दृष्टान्ताने हेच समजावतात, की चाके, आस, जू यांपैकी एकही भाग रथ नव्हे. ‘रथ’ ही व्यवहारापुरती संज्ञा आहे. संगणकाचेही तसेच. नाव व्यवहारापुरतेच असते. पण व्यवहार नीट चालावा, एवढ्यासाठी ते विचारपूर्वक द्यावे.

ज्यांनी पूर्वी घाईने नाव ठेवले, त्यांनी खंत करण्याचे कारण नाही. विंडोजच्या सेटिंग्जमध्ये ‘सिस्टिम’ या भागातील ‘अबाउट’ येथे नाव बदलण्याची सोय आहे. त्यानंतर संगणक एकदा बंद करून पुन्हा सुरू करावा. या स्मरणिकेचे वाचन झाल्यावर आपल्या मुलांसमवेत घरच्या संगणकाचे नाव एकदा अवश्य पाहावे, ही विनंती.