पिशवी काढली, दुखणं गेलं का?

दसरा-दिवाळी झाली की आमच्या चौसाळ्यावरून जाणाऱ्या सोलापूर-धुळे हमरस्त्यावर ऊसतोडीच्या टोळ्यांच्या गाड्या दिसायला लागतात. भांडीकुंडी, शेरडं, लेकरं आणि त्या पसाऱ्यात बसलेल्या बाया. पुढचे पाच-सहा महिने मुक्काम पश्चिम महाराष्ट्रात, नाहीतर कर्नाटकात. गावात मागं राहतात ती म्हातारी माणसं. बचत गटाच्या निमित्तानं परत आलेल्या बायकांशी माझं बोलणं होतं. कंबर दुखते, अंगावरून पांढरं जातं, झोप लागत नाही, जीव नकोसा होतो... तक्रारी ठरलेल्या आणि त्यावरचा सल्लाही ठरलेला, "पिशवी काढून टाक, कटकट मिटंल!"

मैत्रिणींनो, २०१९ साली या 'कटकट मिटण्या'ची मोजदाद झाली. सरकारनं नीलम गोऱ्हे यांच्या अध्यक्षतेखाली समिती नेमली. बीड जिल्ह्यातल्या ८२,३०९ ऊसतोड महिलांची पाहणी झाली, त्यात १३,८६१ जणींची गर्भपिशवी काढलेली निघाली. म्हणजे शंभरात जवळजवळ सतरा! राज्यात तेव्हा हे प्रमाण शंभरात तीनच्याही आत होतं. आमच्याकडच्या कित्येकींचं वय तेव्हा पस्तिशीच्याही आत होतं. त्यानंतर जिल्ह्यात खाजगी दवाखान्यांना या ऑपरेशनसाठी जिल्हा शल्यचिकित्सकांची परवानगी लागू लागली.

पण बाई या निर्णयापर्यंत येते कशी? नवरा-बायको मिळून एक 'कोयता'. मुकादमाकडून उचल आधीच घेतलेली, ती मुलीच्या लग्नात नाहीतर दवाखान्यात खर्चून गेलेली. एक दिवस काम बुडालं की खाडा, म्हणजे मजुरी तर जातेच, वर दंड. पहाटे उठून भाकरी थापायच्या, दिवसभर ऊस तोडायचा, डोक्यावर मोळी घेऊन गाडी भरायची, कधी कधी रात्रीसुद्धा. कोपीला न्हाणी नाही, संडास नाही. अशा ठिकाणी पाळी म्हणजे खाड्याची भीती. मग पिशवीच वैरीण वाटायला लागते.

आता दोन अभ्यास सांगते. दोन्ही आपल्याच मुलखातले. डॉ. राणी आणि डॉ. अभय बंग यांनी गडचिरोली जिल्ह्यातल्या दोन गावांत ६५० बायकांची तपासणी केली. १९८९ साली 'लॅन्सेट' या जगप्रसिद्ध वैद्यकीय नियतकालिकात तो अभ्यास छापून आला. शंभरातल्या ९२ जणींना स्त्रीरोगांपैकी काही ना काही होतं आणि त्याआधी अशी तपासणी झालेल्या होत्या जेमतेम आठ! म्हणजे बायका उगाच कण्हत नव्हत्या, त्यांना कुणी तपासलंच नव्हतं.

दुसरा गोव्याचा. डॉ. विक्रम पटेल आणि सहकाऱ्यांनी जवळजवळ अडीच हजार बायकांना अंगावरून पांढरं जाण्याबद्दल विचारलं, प्रयोगशाळेत तपासणीही केली. २००५ साली निष्कर्ष आले. काहींना जंतुसंसर्ग होता, पण या तक्रारीचा जास्त ठळक संबंध निघाला तो मनावरच्या ताणाशी, उदासीशी. पांढरं जातं हे सांगता येतं, मन खचलंय हे कुणाला सांगायचं? आपल्याकडे बाईचं मन बहुतेक वेळा तिच्या कमरेतूनच बोलतं!

हे दोन्ही अभ्यास शेजारी ठेवले की मला एवढंच दिसतं. आधी नीट तपासणी हवी. जंतुसंसर्ग असेल तर तो बहुतेक वेळा गोळ्यांनी बरा होतो. आणि सोबत विचारपूस हवी. काम किती, झोप किती, घरात मारहाण आहे का? ऑपरेशन खरोखर लागणारे आजार असतात, कर्करोग असतो, ते मी नाकारत नाही. पण ताणावर आणि थकव्यावर पिशवी काढणं हा इलाजच नव्हे. बीजकोशही काढले तर ऐन तिशीत पाळी जाण्याचे त्रास सुरू होतात, हाडं ठिसूळ होतात. ऑपरेशन झालेली एकजण मला म्हणाली, "ताई, कंबर अजून दुखतीच की. आता काय काढायचं ऱ्हायलं?" मला उत्तर सुचलं नाही.

विचारपूस करायला मोठा डॉक्टरच लागतो असंही नाही. गोव्यातच 'संगाथ' संस्थेच्या पुढाकारानं २४ दवाखान्यांत एक प्रयोग झाला. मानसोपचाराचं शिक्षण नसलेल्या स्थानिक बायकांना शिकवून समुपदेशनाला बसवलं. २०१० साली निकाल आले, तर सरकारी दवाखान्यांतल्या उदासीच्या रुग्णांना त्याचा चांगला फायदा झाला होता. आपल्या गावची आशाताई, बचत गटातली चार इयत्ता जास्त शिकलेली बाई हे का करू शकणार नाही? शिकवणारं मात्र कुणीतरी हवं.

पिशवी काढायला सांगितली असेल, तर सोनोग्राफीचा आणि गर्भाशयाच्या तोंडाच्या तपासणीचा कागद हातात घ्या, सरकारी दवाखान्यात दुसऱ्या डॉक्टरला दाखवा. कारण काय ते कागदावर लिहून मागा. जीव घाबरत असेल, रडू येत असेल, तर १४४१६ हा 'टेली-मानस'चा सरकारी नंबर आहे. फोनला पैसे पडत नाहीत, मराठीत बोलता येतं. टोळी हलायच्या आत हा नंबर मी आमच्या गटातल्या बायकांच्या मोबाइलमध्ये टाकून देते, आणि ज्यांच्याकडे मोबाइल नाही त्यांच्या पिशवीत चिठ्ठीवर लिहून.