गाडी थांबव म्हटलं तर थांबते का?

आजचा विषय ऐकून काहीजणी पदर तोंडाला लावून हसतील. आज आपण बोलणार आहोत प्रेमाच्या कादंबऱ्यांबद्दल, आणि त्यातही मोटारसायकलवरून येणाऱ्या नायकाच्या कादंबऱ्यांबद्दल. बचत गटाचे हप्ते, म्हशीचं कर्ज, शिलाईचं काम सोडून हे काय मधेच, असं वाटेल. पण आता घरोघरी मोबाईल आहे. त्यावर मुली गोष्टी वाचतात, सुना ऐकतात, भाकरी थापून झाल्यावर आपणही ऐकतो. वाचणं चोरून चालतं आणि बोलणं कुणीच करत नाही. म्हणून आज उघड बोलू.

आधी या कादंबऱ्या असतात कशा, ते सांगतो. इंग्रजीत अशा कादंबऱ्यांचा एक मोठा प्रकारच आहे. एक लहानसं गाव असतं. तिथं मोटारसायकलवाल्या पुरुषांची टोळी असते. तिचा एक प्रमुख असतो, स्वतःचे कायदे असतात, पाठीवर टोळीचं चिन्ह असलेलं कातडी जाकीट असतं. गाव त्यांना भिऊन असतं. मग त्या गावात एक बाई येते, बहुतेक वेळा कुठल्या तरी संकटातून पळून आलेली. टोळीतला सगळ्यांत तापट माणूस तिच्या प्रेमात पडतो, तिच्या शत्रूंना धडा शिकवतो आणि शेवट गोड होतो. शेवट गोड व्हायलाच लागतो, तो या कादंबऱ्यांचा नियम आहे.

ही टोळीची कल्पना आली कुठून? १९४७ साली अमेरिकेत, कॅलिफोर्नियातल्या हॉलिस्टर या लहान गावात मोटारसायकलवाल्यांचा मेळा भरला. दारू झाली, दंगा झाला, आणि वर्तमानपत्रांनी त्याला भरपूर तिखटमीठ लावलं. १९५३ साली त्यावरून ‘द वाइल्ड वन’ नावाचा सिनेमा निघाला. त्यात मार्लन ब्रँडो हा नट कातडी जाकीट घालून गाडीवर बसला, आणि बंडखोर गाडीवाला ही प्रतिमा जगभर गेली. कादंबऱ्यांनी तिला पुढे प्रेमाची जोड दिली.

आपल्याकडे असली टोळी नाही. रविवारी गगनबावड्याच्या, आंब्याच्या घाटाकडे बुलेट घेऊन निघणारी पोरं हौशी असतात, सोमवारी कामावर हजर होतात. पण गाडीवरचा रुबाबदार नायक मात्र आपल्याला नवा नाही. गाडीच्या आधी तो घोड्यावर होता, मग जीपमध्ये बसला, आता बुलेटवर आला. कोल्हापूरला वाचनाचीही जुनी सवय आहे. करवीर नगर वाचन मंदिर १८५० सालचं. याच कोल्हापुरात वकिली करता करता बाबा कदमांनी ढिगानं कादंबऱ्या लिहिल्या, आणि त्या वाचनालयांतून घराघरात गेल्या. त्यांच्या ‘भालू’वर १९८० साली सिनेमाही निघाला. तेव्हा कादंबरी वाचणाऱ्या बाईला नावं ठेवायचं कारण नाही. आपल्या आज्यांनी, आयांनीही वाचलेल्या आहेत.

आता मुद्द्याचं. बायकांना हा तापट गाडीवाला आवडतो कसा? आम्ही जेव्हा यावर एकत्र बसून बोललो, तेव्हा उत्तर फार अवघड निघालं नाही. आपला दिवस दुसऱ्यांसाठी जातो. कादंबरीतला नायक मात्र फक्त तिच्यासाठी थांबतो, तिला काय हवं ते विचारतो, ती बोलते तेव्हा ऐकतो. आपल्याला संध्याकाळी एकटीनं रस्त्यावरून यायची भीती वाटते. तिच्या पाठीशी असा माणूस आहे की त्याला बघून बाकीचे वाट सोडतात. गावाचा एकही कायदा न मानणारा माणूस तिच्यापुढे मान खाली घालतो. जी ताकद एरवी आपल्यावर चालते, ती एकदा आपल्या बाजूनं उभी राहावी, एवढीच ती इच्छा आहे. त्यात लाज कसली?

पण मैत्रिणींनो, याच कादंबऱ्यांत एक गोष्ट गुळात घोळून दिलेली असते. नायक तिचा फोन तपासतो, आणि लिहिलेलं असतं की हे प्रेम. ती कुणाशी हसून बोलली म्हणून तो त्याला मारतो, आणि लिहिलेलं असतं की हे प्रेम. ती नको म्हणते तरी तो मागे येत राहतो, आणि शेवटी ती हो म्हणते. काही इंग्रजी कादंबऱ्यांत तर तिला जे जाकीट देतात, त्यावर ती अमक्याची मालमत्ता आहे असं लिहिलेलं असतं, आणि ते मानाचं समजतात.

कादंबरीत हे खपतं, कारण लेखिकेनं शेवट आधीच ठरवलेला असतो. त्याचा राग नेहमी दुसऱ्यावर निघणार, तिच्यावर कधीच नाही, याची हमी तिनं घेतलेली असते. आपल्या घरात अशी हमी घ्यायला कुणी बसलेलं नाही. आज दुसऱ्यावर उगारलेला हात उद्या आपल्यावर येतो. आज फोन तपासणारा उद्या माहेरी जायला बंदी करतो, आणि परवा मजुरीचे पैसे काढून घेतो.

मग गोष्टीतलं प्रेम आणि मालकी वेगळी कशी ओळखायची? आम्हाला एक सोपा प्रश्न सापडला. ती गाडीवर मागे बसली आहे. ती म्हणाली, ‘गाडी थांबव, मला उतरायचंय,’ तर गाडी थांबते का? थांबत असेल, तर नायक कितीही रांगडा असू दे, ते प्रेम आहे. थांबत नसेल, तर नायक कितीही देखणा असू दे, तिला पळवून नेत आहेत.

हा प्रश्न फक्त प्रियकराला विचारायचा नाही. बापाला, भावाला, नवऱ्याला, सासरलाही विचारायचा. २०१६ साली आलेला नागराज मंजुळे यांचा ‘सैराट’ आपण सगळ्यांनी पाहिला. त्यातली आर्ची स्वतः बुलेट चालवते, ट्रॅक्टर चालवते. घरच्यांना तेवढ्यापुरतं त्याचं कौतुक असतं. पण आपल्या मनानं जोडीदार निवडल्यावर तिचाच भाऊ माणसं घेऊन येतो आणि दोघांचा जीव घेतो. मुलीच्या हातात गाडीची किल्ली दिली, पण वाट निवडू दिली नाही. पोरीला वाचवतो म्हणून कोंडणारा आणि प्रेम करतो म्हणून कोंडणारा, दोघांच्याही गाडीला ब्रेक नाही.

याविरुद्ध कायदा आहे, आणि आपल्या भागात तो फार जुना आहे. १९१९ साली शाहू महाराजांनी करवीर संस्थानात बायकांना क्रूरपणे वागवण्याविरुद्ध कायदा केला, आणि त्याच वर्षी आंतरजातीय विवाहालाही कायद्याचा आधार दिला. आज २००५ चा कौटुंबिक हिंसाचाराचा कायदा आहे. त्यात मारहाणच नव्हे, तर शिवीगाळ, मानसिक छळ आणि पैसे अडवणं हीसुद्धा हिंसा धरली आहे. आणि स्पष्ट नको म्हटल्यावरही पुन्हा पुन्हा मागे येणं, मोबाईलवरून पाळत ठेवणं हा भारतीय न्याय संहितेच्या कलम ७८ खाली गुन्हा आहे. पहिल्या वेळी तीन वर्षांपर्यंत कैद होऊ शकते. कादंबरीतला नायक ज्याला प्रेम म्हणतो, त्यातलं बरंचसं ठाण्यात नोंदवता येतं. मदतीसाठी बायकांनी १८१, तातडीला ११२, आणि अठरा वर्षांखालच्या मुलामुलींसाठी १०९८ हे नंबर पाठ करून ठेवा.

गाडी म्हटली की मागची सीटच बाईची, असंही काही नाही. २०११ साली पुण्यात उर्वशी पाटोळे यांनी ‘बायकर्नी’ हा बायकांचाच मोटारसायकल क्लब सुरू केला. आपल्याकडेही अंगणवाडीच्या ताई, आशाताई, शिक्षिका रोज दुचाकीवर वाड्यावस्त्या फिरतात. त्यांच्यावर कुणी कादंबरी लिहावी, आम्ही पहिल्यांदा वाचू. मात्र चालवणारीनं आणि मागे बसणारीनं, दोघींनीही हेल्मेट घालायचं. तो कायदाही आहे आणि शहाणपणही.

शेवटी करायचं काय, ते सांगतो. लेकीच्या हातातला मोबाईल हिसकावू नका. हिसकावला की ती वाचायची थांबत नाही, आपल्याशी बोलायची थांबते. त्यापेक्षा म्हणा, ‘काय वाचतीस गं, मलाही ऐकव.’ महिन्यातल्या एका बैठकीत हप्ते गोळा झाले की अर्धा तास गोष्टीला द्या. एकीनं मोठ्यानं वाचायचं आणि मग सगळ्यांनी चार प्रश्नांवर बोलायचं. तिनं नाही म्हटल्यावर त्यानं काय केलं? तिच्या हातात स्वतःचे पैसे आहेत का? तिला मैत्रिणी उरल्या आहेत का? आणि गाडी थांबव म्हटलं तर थांबली का?

असं करणाऱ्या आपण काही पहिल्या नाही. १८८२ साली बुलढाण्याच्या ताराबाई शिंदे यांनी ‘स्त्री पुरुष तुलना’ लिहिली, तेव्हा त्यांनी त्या काळच्या गोष्टी-नाटकांतल्या बायका कशा रंगवल्या आहेत, याचाही समाचार घेतला. त्यांनी वाचलं होतं, म्हणून त्यांना बोलता आलं.

पुस्तकं हवी असतील तर गावच्या सार्वजनिक वाचनालयात चौकशी करा. १९६७ च्या कायद्याखाली मान्यता मिळालेल्या वाचनालयांना सरकारी अनुदान मिळतं. तिथल्या कपाटांवर पुरुषांचा जेवढा हक्क, तेवढाच आपला. नाव घाला, गटाच्या नावानं दोन कादंबऱ्या आणा, आणि पुढच्या बैठकीला घेऊन या.