डोलीचा खोला आणि सरंग्याची पिल्लं

रायगडच्या किनाऱ्यावर प्रवाळ शोधायला निघालेल्याला राजपुरी खाडीचं पाणीच परत पाठवतं. प्रवाळाला नितळ, उजेड झिरपेल असं पाणी लागतं. खाडीकाठच्या आगरदांड्यासमोर भरती-ओहोटीबरोबर गाळ वर-खाली होत राहतो. प्रवाळ पाहायचा तर मालवण गाठावं. तिथलं २९.१२ चौरस किलोमीटरचं सागरी अभयारण्य १९८७ साली जाहीर झालं आणि स्थानिक मच्छीमारांनी त्याला विरोधही केला. विजयदुर्गापलीकडे भर समुद्रात आंग्रिया बँक हे पाण्याखालचं प्रवाळी पठार आहे. एवढं सांगून खाडीकडे वळलेलं बरं, कारण प्रवाळ करतो तेच काम इथे कांदळवन आणि उथळ गढूळ पाणी करतं. कोळंबीची आणि कितीतरी माशांची पिल्लं त्यातच वाढतात.

आणि या किनाऱ्यावर अशाच पाण्यात डोल लागते.

डोल म्हणजे शंकूच्या आकाराचं लांबलचक जाळं. तोंड प्रवाहाकडे, शेपूट मागे. ते मासळीमागे धावत नाही. खुंटांना बांधलेलं जागीच उभं असतं आणि पाणीच मासळी आणून आत घालतं. त्यामुळे डोलवाल्याचा हिशेब तिथींवर चालतो. अमावास्या-पौर्णिमेच्या उधाणाला ओढ जोरात, तेव्हा धंदा. अष्टमीच्या सुमाराला भांग लागला की पाणी मंदावतं, जाळी किनाऱ्यावर येतात, तुटलंफुटलं सांधलं जातं. पाणी फिरायच्या आत होडी जाळ्यावर पोचलीच पाहिजे, नाहीतर आलेली मासळी तोंडातून बाहेर. डोलीच्या जागा घराण्यांमध्ये पूर्वापार ठरलेल्या. दुसऱ्याच्या जागेवर जाळं लावायचं नाही, हा नियम सरकारने घालून दिलेला नाही. तो कोळीवाड्यांनीच पाळत आणला.

सगळा खेळ शेपटाशी, म्हणजे खोल्याशी. खोल्याची दोरी सुटते आणि होडीत ढीग पडतो. करडा-गुलाबी जवळा, त्यात करंदी, मांदेली, लुसलुशीत बोंबील. हाताने ढीग पसरला की मध्येच रुपयाएवढं सरंग्याचं, म्हणजे सिल्व्हर पापलेटचं, पिल्लू चमकतं. विकावं तर किंमत नाही, पाण्यात टाकावं तर बहुधा जगत नाही.

खरी गोम जवळ्यात आहे. तो पूर्ण वाढला तरी जेमतेम तीन-चार सेंटीमीटरचा. त्याला धरायचं तर आस, म्हणजे जाळ्याचं भोक, बारीकच हवा, आणि बारीक आसातून पिल्लं सुटत नाहीत. सरसकट मोठ्या आसाचा सल्ला देणाऱ्यांनी आधी सुक्या जवळ्याची चटणी सोडून दाखवावी! शिवाय जवळ्यावर फक्त माणूस जगत नाही. बोंबीलही जवळा खातो, प्रसंगी स्वतःच्या जातीची पिल्लंसुद्धा.

कायदे आहेत. १९८१चा महाराष्ट्र सागरी मासेमारी नियमन अधिनियम, त्यात २०२१ची सुधारणा, १ जून ते ३१ जुलै मासेमारी बंदी, २०१७पासून एलईडी दिव्यांच्या मासेमारीला मनाई. २०२३ मध्ये राज्याने ५४ प्रजातींचे किमान आकार ठरवले: सरंग्याला १३५ मिलिमीटर, बोंबलाला १८०. त्याच वर्षी सरंगा राज्यमासाही झाला.

मान मिळाला, पण मोजपट्टी बंदरात किंवा बाजारात लागते आणि तोवर मासा मेलेला असतो. पिल्लू वाचायचं तर ते खोल्यातच वाचलं पाहिजे. जवळ्याच्या हंगामापुरता बारीक खोला, एरवी मोठ्या आसाचा. पिल्लांची गर्दी दिसली की त्या जागी काही दिवस डोल न लावणं. या गोष्टी मुंबईतल्या फायलीपेक्षा गावकीत लवकर ठरतील. ज्या समाजाने पाण्यातल्या जागा वाटून घेतल्या आणि पाळल्या, त्याला हे अवघड नाही. मात्र डोलवाल्याने खोला बदलायचा आणि खोल पाण्यातल्या मोठ्या पर्ससीन आणि ट्रॉलर बोटींनी मोकळं राहायचं, हे चालणार नाही. नियम आधी मोठ्यांना लावावा.

आपल्या हातातही थोडं आहे. १३५ मिलिमीटर म्हणजे सव्वापाच इंचांहून किंचित जास्त. यंदा बाजारात त्याहून लहान सरंग्याचा वाटा स्वस्तात मिळाला, तरी घेऊ नका.