आवाज कुणाचा? सॅम्पल, गायिका आणि गायब झालेलं नाव

पुरुषोत्तम करंडकाला कधी गेला असाल तर ती आरोळी तुम्हाला पाठ असेल, "अरे, आवाज कुणाचाऽऽ?" आणि लगेच कॉलेजच्या नावानं सगळं थिएटर दणाणतं. आज हाच प्रश्न आपण डान्स म्युझिकला विचारणार आहोत. फरक एवढाच, की इथं उत्तर मिळायला कधी कधी कोर्टाची पायरी चढावी लागते.

गोष्ट १९८९ची. 'ब्लॅक बॉक्स' या इटालियन ग्रुपचं 'राइड ऑन टाइम' ब्रिटनमध्ये सहा आठवडे एक नंबरवर होतं. त्या वर्षी तिथं सगळ्यात जास्त खपलेलं सिंगल हेच. पियानोचा ठेका आणि त्यावर एका बाईचा असा खणखणीत आवाज की अंगावर काटा यावा. टीव्हीवर दिसायची कात्रिन किनोल, एक फ्रेंच मॉडेल. ओठ तिचे हलायचे, आवाज मात्र तिचा नव्हताच.

तो होता शिकागोच्या लोलिएटा हॉलोवेचा. १९८० साली तिनं 'लव्ह सेन्सेशन' हे डिस्को गाणं गायलं होतं. लिहिलं आणि प्रोड्यूस केलं डॅन हार्टमननं, रेकॉर्ड काढली सॅलसोल कंपनीनं. ब्लॅक बॉक्सवाल्यांनी त्या गाण्यातले तिच्या आवाजाचे तुकडे कापले, सॅम्पलरमध्ये भरले आणि नव्या ठेक्यावर बसवले. तिला ना विचारलं, ना तिचं नाव दिलं. प्रकरण वकिलांकडे गेलं आणि शेवटी तिला पैसे मिळाले. पण लाखो लोक नाचले ते मॉडेलचा चेहरा बघत.

आता तुम्ही म्हणाल, असं कसं चालतं? तर इथं थोडं थांबून समजून घेऊ.

एका गाण्यात दोन वेगळ्या मालमत्ता असतात. पहिली रचना, म्हणजे शब्द आणि चाल. ती गीतकार, संगीतकार आणि त्यांच्या पब्लिशरची. दुसरी रेकॉर्डिंग, ज्याला 'मास्टर' म्हणतात. ती बहुतेक वेळा कंपनीची. सॅम्पल उचलायचं तर दोन्हीकडून परवानगी लागते. तोच तुकडा दुसऱ्या कुणाकडून नव्यानं गाऊन घेतला, तर मास्टरचा प्रश्न मिटतो, फक्त रचनेची परवानगी उरते. 'राइड ऑन टाइम'चंही पुढं असंच एक व्हर्जन आलं. त्यात हेदर स्मॉलकडून गाऊन घेतलं होतं.

बरं, या दोन मालमत्तांत गायिका कुठं आहे? बघा शोधून. ज्या आवाजासाठी लोक गाणं ऐकतात, त्या आवाजाची मालकी अनेकदा गाणाऱ्याकडे नसतेच. करारात असेल तर रॉयल्टी, नाहीतर एकदाचे सेशनचे पैसे घ्या आणि घरी जा. म्हणून तर नाव महत्त्वाचं. नाव छापून आलं तर पुढचा शो मिळतो, पुढच्या वेळी पैसे वाढवून मागता येतात.

मार्था वॉशनं हे एकाहून जास्त वेळा भोगलं. 'इट्स रेनिंग मेन' गाणाऱ्या 'द वेदर गर्ल्स'मधली ही गायिका. ब्लॅक बॉक्सच्या 'एव्हरीबडी एव्हरीबडी'त आवाज तिचा, व्हिडिओत पुन्हा किनोल. मग 'सी अँड सी म्युझिक फॅक्टरी'च्या 'गोना मेक यू स्वेट'मध्येही आवाज तिचाच, पडद्यावर ओठ हलवले झेल्मा डेव्हिसनं. हे काही जुनं सॅम्पल नव्हतं बरं का, ती स्वतः स्टुडिओत जाऊन गायली होती! ती कोर्टात गेली, तडजोड झाली, आणि गाणाऱ्याचं नाव द्यायलाच हवं हा मुद्दा अमेरिकन म्युझिक इंडस्ट्रीला गंभीरपणे घ्यावा लागला.

नाव देऊन हिट होत नाही का? होतं की! १९९१मध्ये मार्की मार्क अँड द फंकी बंचनं 'गुड व्हायब्रेशन्स' काढलं. सॅम्पल त्याच 'लव्ह सेन्सेशन'चं. पण इथं हॉलोवेचं नाव क्रेडिटमध्ये होतं आणि व्हिडिओत ती स्वतः गाताना दिसली. गाणं अमेरिकेत एक नंबरवर गेलं. क्रेडिट दिल्यानं ठेका काही बेसूर झाला नाही.

आपल्याकडे काय? गायकांना रॉयल्टी मिळावी म्हणून लताबाई साठच्या दशकातच भांडल्या होत्या. कायद्यात ती तरतूद आली २०१२च्या कॉपीराइट दुरुस्तीनं. त्याच दुरुस्तीत कलाकाराला आपलं नाव लावून घेण्याचा नैतिक हक्कही मिळाला.

पण कायदा कागदावर, आणि आपण हळदीच्या मांडवात. एखाद्या कोळीगीताचं किंवा भीमगीताचं रिमिक्स लागतं. सुरुवातीलाच घुमत्या आवाजात डीजेचं नाव येतं, एकदा नाही, चांगलं तीन-चारदा. गाणारीचं नाव? अपलोडच्या वर्णनातसुद्धा सापडत नाही. मोबाइलवर रिमिक्स बनवणारे आपल्यातले कितीतरी आहेत, त्यांनाच सांगते: परवानगीचं काम किचकट आहे, खर्चिकही आहे, मान्य. नाव लिहून परवानगी मिळत नाही, हेही खरं. पण नाव टाईप करायला दहा सेकंद लागतात आणि एक रुपयाही लागत नाही. तिथून तरी सुरुवात करा.

आणि आपण ऐकणाऱ्यांनी? पुढच्या वेळी एखादा आवाज काळजाला भिडला, तर गाण्याशेजारची तीन टिंबं दाबा आणि क्रेडिट्स उघडा. तिथं नाव नसेल, तर खाली कमेंटमध्ये बिनधास्त विचारा, "अरे, आवाज कुणाचा?"

चला, भेटू पुढच्या भागात. ऐकत राहा!